मार्चात बटाटे लावू नका हो!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत घरच्या घरी बटाटे कसे पिकवायचे यावर अर्धं पान आलंय. फोटो मस्त आहे, गोणी उलटी केलीये आणि त्यातून बटाट्यांचा ढीग बाहेर पडतोय, आणि खाली लिहिलंय की हाच महिना योग्य, आजच लावा आणि एका गोणीतून १५ किलो बटाटे मिळवा. ते आल्यापासून आमच्या बिल्डिंगमधल्या चार जणींचे मला फोन आले, कारण टेरेसवर बटाटे लावणारी बाई म्हणून माझी ख्याती आहे (चांगली आणि वाईट दोन्ही, ते पुढे येईलच), आणि त्यातल्या एकीने तर ऑनलाइन गोण्या मागवल्यासुद्धा. म्हणून हे पत्र. मोठं झालंय, कापायचं तर कापा, पण महिन्याचं तेवढं कापू नका.

मी मूळची गुहागरकडची. आमच्या परसात कणगर, कोनफळ, सुरण, अळू, रताळी असं जमिनीखालचं सगळं पिकायचं, पण बटाटा मात्र वाण्याच्या दुकानातूनच यायचा, त्यामुळे बटाट्याचं झाड कसं दिसतं हे मी साठीपर्यंत पाहिलेलंच नव्हतं. बँकेतून रिटायर झाले, धनकवडीला चौथा मजला, वर टेरेस, हातात मोबाईल, मग काय, यूट्यूबवर एक गोरा माणूस जॅकेट घालून गोणीत बटाटे लावताना दिसला. तो म्हणाला मार्च, मी म्हटलं मार्च. त्याच्या अंगात जॅकेट आहे आणि माझ्या घरात पंखा पाचवर आहे हे काही डोक्यात आलं नाही.

ओट्याखालच्या टोपलीतल्या बटाट्यांना वीत वीत पांढरे कोंब आले होते, तेच कापून लावले. झाडं अशी काही डवरली म्हणून सांगू, हिरवीगार, कमरेपर्यंत, मी रोज फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकायचे आणि लोक अंगठे द्यायचे. मे महिन्यात गोणी उलटी केली तेव्हा घरातले सगळे गोल करून उभे, मुलाने व्हिडिओ चालू केलेला. निघाले सात. त्यातला सगळ्यात मोठा सुपारीएवढा. तो व्हिडिओ सुनेने तिच्या वडलांना पाठवला आणि तिथून माझं बटाट्याचं खरं शिक्षण सुरू झालं.

आमचे व्याही सातगाव पठारावरचे, म्हणजे पुणे जिल्ह्यातला आंबेगाव तालुका, बाजार मंचरचा. तिकडे मुलीचं लग्न यंदा करायचं की पुढच्या वर्षी हे बटाट्याच्या भावावर ठरतं असं ते स्वतःच म्हणतात, आमच्या सुनेचं कुठल्या भावात झालं ते मी अजून विचारलेलं नाही. फोनवर आधी भरपूर हसून घेतलं आणि मग म्हणाले, "विहीणबाई, मार्चात बटाटा लावतं का कोणी? मार्चात बटाटा गाडीत भरतात."

मग त्यांनी जे सांगितलं ते तुमच्या पुरवणीत यायला हवं होतं. बटाट्याच्या झाडाला वर पाला वाढवायला ऊन चालतं, पण खाली कंद धरायला रात्र गार लागते, २० डिग्रीच्या खालची, आणि पारा ३० च्या वर राहायला लागला की झाड खाली काही पाठवतच नाही, जे कमावतं ते सगळं पाल्यावरच उडवतं. थंड देशात मार्च-एप्रिलमध्ये कुठे जमीन हाताला लागते, त्यांचं ते लावणीचं बरोबर आहे. आपल्याकडे एप्रिलात टेरेसवर चपलेशिवाय पाय टेकत नाही, तिथे गोणीतल्या मातीचं काय होत असेल. आपली घरची लावणी दसरा ते दिवाळी, फार तर नोव्हेंबरचा मध्य, आणि काढणी जानेवारी-फेब्रुवारी. पंचांगात बटाट्याचं पान नसतं म्हणून लोक यूट्यूबचं पान बघतात, निदान मराठी पेपरने तरी तेच भाषांतर करून छापू नये एवढंच माझं म्हणणं आहे.

आता तुम्ही म्हणाल सातगाव पठारावर तर पावसाळ्यात बटाटा लावतात. लावतात ना! जून-जुलैत लावून सप्टेंबर-ऑक्टोबरात काढतात. हे मलाही तेव्हाच कळलं आणि माणसाला अर्धवट कळलं की काय होतं ते माझं झालं. व्याह्यांना न विचारता मी त्याच जूनमध्ये परत दोन गोण्या भरल्या, म्हटलं तुमचं पठार तर माझी टेरेस. झाडं छान उठली. जुलैत झड लागली, चार दिवस सूर्य नाही, सगळं चिप्प, पाचव्या दिवशी पानांच्या टोकांना पाण्यात भिजल्यासारखे काळपट डाग दिसले, पान उलटं केलं तर डागाच्या कडेने पांढरी बारीक लव, आणि आठवड्याच्या आत सगळी झाडं उकडलेल्या मेथीसारखी लोळली. खाली बेणंही, म्हणजे लावलेले बटाटेही, सडले. तो वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. हा करपा, उशिरा येणारा करपा म्हणतात तो. पठारावरही येतो, पण तिथे जमीन निचऱ्याची, हवा गार, आणि ते लोक आभाळ बघून आधीच औषध मारतात, आपल्यासारखं डाग दिसल्यावर गुगल करत बसत नाहीत. आयर्लंडमध्ये १८४५ पासून जो बटाट्याचा दुष्काळ पडला, दहा लाखांच्या आसपास माणसं गेली आणि त्याहून जास्त देश सोडून निघून गेली, तो ह्याच करप्याने. माझं काय, दोन गोण्या गेल्या आणि मी वाण्याकडून किलोभर आणले, पण हे वाचताना त्या काळ्या पाल्याकडे बघवेना.

त्या वासापायी सोसायटीच्या ग्रुपवर नोटीस आली, टेरेसवर शेती करू नये, स्लॅबमध्ये पाणी मुरतं. सेक्रेटरींचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, गोणी सरळ लादीवर ठेवली की खाली ओल राहतेच, पण "शेती" हा शब्द मला जरा लागला, सात सुपाऱ्यांच्या बाईला शेतकरी म्हणणं म्हणजे थट्टाच की. शेवटी लोखंडी स्टँड करून घेतला, गोण्यांखाली ट्रे आले, आणि मिटलं. हेही तुमच्या लेखात नाही, आणि शहरात हाच पहिला प्रश्न येतो.

तिसऱ्या खेपेला मी शहाणी झाले आणि व्याह्यांना विचारूनच सगळं केलं. कोजागिरी झाल्यावर ते लेकीकडे आले ते कापडी पिशवीत दोन किलो बेणं घेऊनच, पुखराज जातीचं. मी म्हटलं अहो बटाटे तर घरात आहेतच की, त्यावर त्यांनी असं बघितलं की जसं मी बियाण्याच्या भाताची खीर करायला काढलीये. बाजारातला खायचा बटाटा कुठल्या शेतातला, किती महिने कोल्ड स्टोरेजमध्ये होता, त्याच्यावर कोंब येऊ नये म्हणून कसली धुरी दिलीये, आणि मुख्य म्हणजे त्याच्यात व्हायरस आहे का, हे काही कळत नाही. हा व्हायरस मावा पसरवतो, आपण गुलाबावर बघतो तसलाच मावा, आणि तो एकदा झाडात शिरला की बटाट्यात उतरतो, बटाट्यातून पुढच्या झाडात, असं करत दरवर्षी उतारा कमी कमी होत जातो. म्हणून मंचरला बेणं पंजाबातून येतं, जालंधरकडून. तिकडे थंडीत मावा अगदी कमी असतो तेवढ्या दिवसांत बेण्याचं पीक वाढवतात आणि माव्याची गर्दी व्हायच्या आत पाला कापून टाकतात. आपले बटाटे राखून तेच परत परत लावायचे हा जो काटकसरीचा सल्ला सगळीकडे फिरतोय तो एखाद्या वर्षी चालतो, नंतर झाडं सुरकुतलेली यायला लागतात.

जातींच्या नावांवरून आठवलं. पुखराज, ज्योती, चंद्रमुखी, सिंदुरी, बादशाह, सगळ्यांच्या आधी कुफरी लागतं. ते सिमल्याजवळचं गाव. देशाची बटाटा संशोधन संस्था १९४९ ला पाटण्यात सुरू झाली, १९५६ ला सिमल्याला गेली आणि नव्या जातींसाठी संकर करण्याचं काम कुफरीला, म्हणून सगळ्यांचं आडनाव कुफरी. त्यात १९७२ ची एक जात आहे तिचं नाव चक्क कुफरी लवकर! लवकर म्हणजे आपलं मराठी लवकर, महाराष्ट्राच्या पठारी भागासाठी काढलेली, लवकर तयार होणारी. मला हे इतकं आवडलं की मी ती जात शोधत मार्केट यार्डाच्या बाजूला दोन चकरा मारल्या. नाही मिळाली. पुखराज घ्या म्हणाले, ते पण कट्टाच घ्यावा लागेल.

आणि इथेच माझी खरी तक्रार आहे. बेणं ५० किलोच्या कट्ट्याखाली कोणी विकत नाही. दुकानदाराचंही बरोबर आहे, त्याचं गिऱ्हाईक एकराच्या भाषेत बोलणारं, मी दोन किलो मागितलं तर तो म्हणाला, "आजी, भाजी करायची असेल तर मंडईत जा ना." आता घरात चार-सहा गोण्या लावणाऱ्या माणसाने करायचं काय? मेथी-कोथिंबिरीचं बी दहा रुपयांच्या पाकिटात मिळतं, गुलाबाची कलमं मिळतात, मशरूमचं बी मिळतं, मग सर्टिफाइड बटाट्याचं बेणं किलो-दोन किलोच्या जाळीच्या पिशवीत, दसऱ्याच्या आसपास, कृषी महाविद्यालयात किंवा शेतकरी आठवडे बाजारात मिळायला काय हरकत आहे? कट्टा फोडला की त्याचा सर्टिफाइड असल्याचा टॅग जातो, मग पिशवीत काय आहे याची खात्री कोण देणार, ही अडचण मला कळते, पण त्यावर काहीतरी उपाय निघेल की. सगळ्यांना सातगाव पठारावरचे व्याही नसतात.

असो. लावणीचं सांगते, जे केलं ते जसंच्या तसं. बेणं आल्या आल्या लावलं नाही, अंड्यांच्या ट्रेमध्ये एकेक ठेवून खिडकीत पंधरा दिवस उजेडात ठेवलं, ऊन नाही हां, नुसता उजेड. ओट्याखालच्या अंधारातले कोंब कसे लांबलचक पांढरे आणि हात लागला की मोडणारे असतात, तसे हे आले नाहीत, हे बुटके, जाड, जांभळट, डोळ्यात घट्ट बसलेले. अंड्याएवढे बटाटे अख्खे लावले, मोठे होते ते कापले, प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे आणि वजन साधारण ४० ग्रॅम. कापल्यावर रात्रभर ताटात पसरून ठेवायच्या, कापलेल्या बाजूला कोरडी पापडी धरू द्यायची, ओली फोड मातीत घातली की सडते, हे मी पहिल्या वर्षी केलेलं होतंच. चार गोण्या, प्रत्येकीत दोन बेणी. तीन लावायचा मोह होतो, तुमच्या फोटोत तर पाच आहेत.

माती, जुनं चांगलं कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट, गोणी निम्मीच भरायची, बेणं चार-पाच बोटं खाली, कोंब वरच्या अंगाला. दहा-बारा दिवसांत झाडं वर आली आणि त्याच दिवशी पारवे आले. पुण्यात राहणाऱ्याला पारव्यांबद्दल मी काय सांगावं. दोन कोंब खुडले, मग जुनी मच्छरदाणी घातली.

झाड वीतभर झालं की बुंध्याशी मातीची भर, मग पंधरा-वीस दिवसांनी परत एकदा. भर का, तर बटाटा हे मूळ नाहीच, खोड आहे, जमिनीतल्या जमिनीत झाडाला पांढऱ्या दोऱ्या फुटतात आणि त्या दोऱ्यांच्या टोकाला बटाटा फुगतो, त्याच्यावरचे डोळे म्हणजे कळ्याच. फुगताना तो वर आला आणि त्याला उजेड लागला की हिरवा पडतो, आणि उघड्यावर असेल तर पाकोळी येऊन डोळ्यापाशी अंडी घालते, आतून अळी पोखरत जाते. ही पाकोळीसुद्धा पाहुणी, १९०६ च्या सुमारास इटलीहून मुंबई इलाख्यात आलेल्या बेण्याबरोबर आली म्हणतात. तशी बटाट्याची सगळी जत्राच बाहेरची आहे, मूळ पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरातला, इकडे पोर्तुगीजांबरोबर आला, आणि बटाटा हा शब्दसुद्धा तिकडे आधी रताळ्याचा होता. आमच्या आजीला हे कळलं असतं तर तिने उपासाला बंद केला असता, का रताळ्याचा भाऊ म्हणून चालवून घेतला असता, कोण जाणे.

आता १५ किलोंचं. ह्या भरीवरूनच तो घोळ झालाय. लोकांना वाटतं की दर आठवड्याला माती टाकत गेलं आणि गोणी उंच करत गेलं की मजल्यामजल्यावर बटाटे लागतील. तसं होत नाही, निदान आपल्या तीन महिन्यांत येणाऱ्या जातींत तरी नाही. बेण्याच्या आसपास आणि त्याच्यावर वीतभर, एवढ्याच थरात बटाटे धरतात. मी मुद्दाम एका गोणीत काठापर्यंत माती भरून बघितली, वरच्या अर्ध्या भागात नुसती मुळं, बटाटा एकही नाही. व्याह्यांना तुमचं १५ किलोंचं कात्रण पाठवलं तर त्यांनी पाठीमागे गणित करून पाठवलं. दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि दोन झाडांत २० धरलं तर एकरात ३३ हजारांच्या वर झाडं बसतात, आणि चांगलं पीक आलं तर एकरी १०० क्विंटल. म्हणजे झाडामागे ३०० ग्रॅम. औषधं, खतं, पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव, सगळं लावून ३०० ग्रॅम. तुमच्या गोणीत पाच झाडं धरली तर झाडामागे ३ किलो झाले. खाली लिहिलं होतं, "विहीणबाई, ह्या लेखकाचा पत्ता मिळाला तर आमच्या शेतावर ठेवून घेतो."

पाणी हा तेवढा रोजचा कटकटीचा भाग. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तर द्यायचं, चिखल नाही करायचा. आम्ही डिसेंबरात पाच दिवस नाशिकला लग्नाला गेलो आणि शेजारणीला सांगायचं राहून गेलं, त्याचा हिशोब नंतर दिसला, काही बटाट्यांना पोटाला चिरा आणि काहींना बाजूने बाळं फुटलेली, एक तर अगदी गणपतीसारखा आला होता, तो नातवाने देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.

काढणी जानेवारीच्या शेवटी. पाला पिवळा पडून आडवा व्हायला लागला तसं पाणी बंद केलं, पाला जमिनीलगत कापून टाकला आणि आठ-दहा दिवस गोण्यांना हात लावला नाही. हे दहा दिवस धीर धरायचे म्हणजे काय असतं ते ज्याने लावलंय त्यालाच कळेल. पण त्याशिवाय साल पक्की होत नाही, अंगठ्याने घासलं की साल सुटते तो बटाटा चार दिवस टिकतो, साल घट्ट बसलेला महिना-दोन महिने.

टेरेसवर माझी एक जुनी नऊवारी पसरली आणि पहिली गोणी आडवी केली. नातवाला फावडं हवं होतं, त्याला म्हटलं फावड्याने अर्धे कापले जातात, हाताने. माती गार होती, जानेवारीची सकाळ, आणि पहिल्यांदा काहीच नाही, नुसती माती आणि दोऱ्या, मला परत सात सुपाऱ्या आठवल्या, आणि मग बोटांना काहीतरी गुळगुळीत गोल लागलं. नातवाने ओढून काढला, धुळीने भरलेला, पिवळसर, त्याच्या मुठीत मावत नव्हता. मग सगळेच बसलो उकिडवे, मुलगा ऑफिसच्या कपड्यांत. बेण्याची मूळ फोड पण सापडली, पोकळ, मऊ, सालीची नुसती पिशवी राहिलेली, सगळं देऊन झालेली. चार गोण्यांत लहानमोठे मिळून ५६ निघाले. खाली वाण्याच्या काट्यावर वजन केलं, ३ किलो ४०० ग्रॅम. आठ झाडं, म्हणजे झाडामागे सव्वाचारशे ग्रॅम. व्याह्यांना लगेच फोन लावला. ते म्हणाले, "आमच्या एकरी सरासरीला हरवलंत की तुम्ही." हे वाक्य मी बिल्डिंगमध्ये किती जणांना सांगितलं असेल त्याला गणती नाही. (नंतर त्यांनी हळूच सांगितलं की आठ झाडांचं लाड करून कोणालाही जमतं, ३३ हजारांचं करून दाखवा. ते मी कोणाला सांगितलं नाही.)

आणि आता तुमच्या लेखातलं ते शेवटचं वाक्य, ज्याच्यासाठी मी खरं तर पेन उचललं. "काढल्यानंतर बटाटे दोन दिवस कडक उन्हात वाळवावेत." असं करू नका हो! कृपा करून ह्याची दुरुस्ती छापा. उन्हात, नुसत्या उजेडातसुद्धा, बटाटा हिरवा पडतो. तो हिरवा रंग म्हणजे हरितद्रव्य, ते बिचारं निरुपद्रवी, पण त्याच्याबरोबरच सालीखाली सोलॅनिन वाढतं आणि ते विषारी असतं. कडू लागतं, घसा खवखवतो, जास्त गेलं तर उलट्या, जुलाब. उकडून, तळून जात नाही. थोडासा डाग असेल तर तेवढा भाग जाड कापून टाकावा, बराचसा हिरवा असेल तर सरळ फेकावा, आणि लहान मुलांना तर अजिबात देऊ नये. आमच्याही एका गोणीत कडेचा एक हिरवा निघाला, भर कमी पडली होती तिथला, आणि नातवाला नेमका तोच हवा होता, कैरीसारखा दिसतो म्हणून. वाळवायचे ते सावलीत, हवेशीर जागी, गोणपाट टाकून, दहा-पंधरा दिवस. पठारावरही ढीग झाडाखाली घालतात आणि वरून झाकतात. माती हाताने झटकायची, धुवायचे नाहीत, धुतले की सडले. कांद्याच्या टोपलीत टाकायचे नाहीत. फ्रीजमध्ये तर नाहीच, थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, मग तो गुळमट लागतो आणि तळला की काळा पडतो. कोल्ड स्टोरेजचा बटाटा कधीकधी गोड का लागतो त्याचं कारण हेच, तो घरात आठ-पंधरा दिवस बाहेर राहू दिला की बराच सुधारतो.

पैशाचं विचारत असाल तर स्टँड सोडून सहा-सातशे रुपये गेले आणि तेवढे बटाटे शंभर रुपयांत आले असते. पुढच्या वर्षी गोण्या त्याच राहतील, मातीत थोडं खत घालायचं, पण त्याच मातीत परत बटाटा किंवा टोमॅटो-वांगी-मिरची लावू नये, सगळी एकाच घराण्यातली, रोगही एकच. मी आत्ता त्यात मेथी टाकलीये.

चव मात्र आहे. मी पहिल्या दिवशी सोललेच नाहीत, अंगठ्याने घासून घासून धुतले, तूप-जिरं, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, मीठ, बस. चतुर्थी नव्हती तरी उपासाची भाजी. फोड तोंडात ओलसर, लोण्यासारखी, आणि मातीचा किंचित वास. पण दुसऱ्या दिवशी हौसेने बटाटेवडे केले ते साफ बसले, ताज्या बटाट्यात पाणी जास्त, सारण चिकट झालं आणि वडा आतून पाणचट. वड्याला मुरलेला जुना बटाटाच हवा, तिथे वाण्याला पर्याय नाही, आणि वेफर्सच्या तर नादाला लागूच नका.

तर ज्या वाचकांनी रविवारी वाचून मार्चात लावायला म्हणून गोण्या आणल्यात त्यांनी त्यात काकडी, भेंडी, गवार काहीही लावावं, बटाटा दसऱ्यापर्यंत थांबवावा. आम्ही व्याह्यांना यंदा एक अख्खा कट्टा सांगितलाय, बिल्डिंगमधल्या नऊ घरांनी नावं दिलीत, उरलेलं शेजारच्या सोसायटीला. यादीत सातवं नाव सेक्रेटरींचं आहे, दोन गोण्या. त्यांना आधी स्टँड आणायला सांगितलंय.

आपली,
एक वाचक, धनकवडी, पुणे